लॅबमधला एकुलता एक नॉर्मल माणूस

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. डीप फ्रीझरच्या कडेला बर्फ साठतो तसे ते साठत जातात. रोज थोडा थोडा, कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि एक दिवस दार लागेनासं होतं. मग सगळं बाहेर काढण्यावाचून इलाज नसतो. माझं सध्या तसं झालंय.

आमची लॅब अंधेरी पूर्वेला, एका हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, जुन्या धोबीखान्याच्या दोन खोल्यांत होती. ऐंशीचं दशक अर्धं सरलेलं. काम लिंफोमाचं, म्हणजे गाठींच्या कॅन्सरचं. पण बाहेर कोणी विचारलं की आम्ही 'ब्लड टेस्ट करतो' एवढंच सांगायचो. खरं सांगितलं की समोरचा एक पाऊल मागे सरकायचा, जसं काही आम्ही ते खिशात घेऊन फिरतोय!

माणसं चारच. बर्वे मॅडम आमच्या बॉस. हुशार, कडक, आणि घड्याळापेक्षा वक्तशीर. फिलोमिना गोराईची, होडीने खाडी ओलांडून यायची आणि कोणाचंही काहीही ऐकून घ्यायची नाही. मी अनघा, बोरिवलीची, नुकतीच एमएस्सी झालेली, आणि त्यामुळे सगळ्यांच्या हक्काची. आणि सावंत. मालवणचे, राहायला घाटकोपरला, आमचे सीनियर टेक्निशियन. घाईत किंवा रंगात आले की मालवणीत शिरायचे.

आधीच सांगून टाकते. एका वर्षी खुद्द सावंतांच्याच मानेवर गाठ आली, आणि ती साधी की वाईट, याचा निकाल आमच्याच खोलीत, आमच्याच एक्स-रेच्या फिल्मवर लागायचा होता. तो किस्सा शेवटी. आजही तो सांगायला मला थोडी तयारी लागते, म्हणून आधी बाकीचे.

*

आमची टेस्ट काय होती ते दोन मिनिटांत सांगते, भिऊ नका. रक्तातल्या बी-पेशी अँटिबॉडी बनवतात. त्यासाठी प्रत्येक पेशी आपल्या जीनचे तुकडे कापून आपल्या पद्धतीने जोडते. एकाच बोचक्यातल्या चिंध्यांतनं प्रत्येक बाई वेगळी गोधडी शिवते, तसं. साध्या सुजलेल्या गाठीत अशा लाखो वेगवेगळ्या गोधड्या असतात, त्यामुळे एकीचंही नक्षीकाम फिल्मवर उठून दिसत नाही. दिसते ती फक्त न कापलेल्या मूळ कापडाची एक रेघ. लिंफोमा म्हणजे मात्र एकाच पेशीची पिलावळ. सगळ्या गोधड्या एकसारख्या, म्हणून त्यांची आणखी एक रेघ उमटते. एक रेघ, घरी जा. जास्तीची रेघ, वाट लागली.

आता तुलनेसाठी प्रत्येक वेळी एक निरोगी नमुना लागतो. त्याला म्हणायचं कंट्रोल. सुरुवातीला आम्ही बाळंतपणानंतरची वार वापरायचो. मॅटर्निटी वॉर्डमधून सांगून-विचारून फिलोमिना ती बर्फाच्या बादलीत घेऊन यायची.

एकदा बादली टेबलावर ठेवते न ठेवते तोच मागोमाग एक आजीबाई दारात हजर! सुनेने 'घेऊन जा' म्हटलं होतं, पण आजींना पत्ताच नव्हता.

"आमची वार कुठाय? ती पुरायची असते. माझ्या पहिल्या नातवाची आहे. मशिनीत घालताय होय?"

मॅडम उठल्या, स्वतः बादली आजींच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "चुकलं आमचं. न्या."

आजी गेल्या. सावंत खो खो हसत होते. मॅडमनी चष्मा पुसला, घातला, आणि शांतपणे म्हणाल्या, "सावंत, हात पुढे करा."

त्या दिवसापासून सावंत आमचे कंट्रोल. त्यांचा डीएनए निघायचा पण असा, की काचेच्या कांडीवर दोनतारी पाकासारखा गुंडाळला जायचा. पेशंट बदलायचे, फिल्मा बदलायच्या, पण कडेच्या रांगेत सावंतांची एक रेघ ठाम. नवीन कोणी लॅब बघायला आलं की फिलोमिना ओळख करून द्यायची, "हे सावंत. लॅबमधला एकुलता एक नॉर्मल माणूस. बाकीच्यांचं काय सांगता येत नाय."

पण सुई म्हटली की या नॉर्मल माणसाचं पाणी पाणी व्हायचं. कंट्रोल संपत आला असं नुसतं कानावर पडलं तरी ते डार्करूममध्ये शिरून बाहेरचा लाल दिवा लावायचे. लाल दिवा असताना दार उघडायचं नाही हा मॅडमचाच नियम. आत फिल्म नाही, काही नाही, सावंत स्टुलावर बसून शेंगदाणे खातायत!

*

फिल्मवर रेघ दिसावी म्हणून रेडिओॲक्टिव्ह फॉस्फरस लागायचा. तो पंधरवड्याला ट्रॉम्बेहून आणायला सावंत जायचे. शिशाचा जाडजूड डबा, वर पिवळं लेबल. टॅक्सीवाल्याने विचारलं की ते खरं सांगायचे, आणि टॅक्सीवाला चेंबूरलाच उतरवायचा. दोनदा असं झाल्यावर मॅडमनी हॉस्पिटलची जुनी ॲम्ब्युलन्स मिळवून दिली.

ड्रायव्हर सवयीचा गुलाम. मागे पेशंट नाही हे माहीत असूनही त्याने सायरन लावला. कुर्ल्यापासून रस्ता मोकळा! गाडी थेट कॅज्युअल्टीच्या दारात. आतून दोघेजण स्ट्रेचर घेऊन धावत आले, मागचं दार उघडलं, तर सावंत मांडीवर डबा घेऊन बसलेले.

"पेशंट कुठाय?"

सावंतांनी डबा अलगद स्ट्रेचरवर ठेवला आणि सांगितलं, "ह्योच पेशंट. जपून न्या. चौदा दिवसांत अर्धो होतलो!"

खोटं काहीच नव्हतं त्यात. फॉस्फरस तसाच असतो. पण त्या दोघांपैकी एकाने म्हणे तो डबा बघून हात जोडले.

*

सावंतांचं गाऱ्हाणं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

ब्लॉट लावणं म्हणजे जेल नावाच्या जेलीच्या वडीतला डीएनए वरच्या पातळ पडद्यावर शोषून घ्यायचा. जेलवर पडदा, पडद्यावर टिपकागदांची थप्पी, आणि थप्पीवर वजन. मग दुसऱ्या सकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही. वजनाला आमच्याकडे मुंबईची टेलिफोन डिरेक्टरी होती. दुसरं काही ठेवलं तर बँड, म्हणजे रेघा, वाकड्या येतात, अशी सावंतांची श्रद्धा.

डिरेक्टरी ठेवली की ते चपला काढून उभे राहायचे. कोकणात देवाला घालतात तसं खड्या आवाजात गाऱ्हाणं सुरू.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो आमचो ब्लॉट तुझ्या पायाशी ठेवलो हा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे आम्ही.

"जेचो कोणाचो बँड असात, तो सरळ वर येवांदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जेका नाय, तेका उगाच दाखव नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

फिलोमिना 'म्हाराजा' म्हणता म्हणता क्रूसाची खूण करायची. मॅडम आपल्या टेबलाशी मान खाली घालून वाचत बसायच्या. सायन्सच्या खोलीत हे काय चाललंय, असा चेहरा. पण एकदा मी मुद्दाम वळून बघितलं, तर त्यांचे ओठ हलत होते.

तर एके संध्याकाळी गाऱ्हाणं संपतंय तोच डार्करूममध्ये साप निघाला. आरेचं जंगल फार लांब नाही, कुठून तरी आला असेल. सावंत टेबलावर चढले. मी त्यांच्या आधीच चढले होते.

"अनघा, सर्पमित्राला फोन लाव!" फिलोमिना ओरडली.

"नंबर?"

"डिरेक्टरीत बघ ना!"

मी वाकून डिरेक्टरीला हात घालणार, तेवढ्यात मॅडम कडाडल्या. "खबरदार! साप सकाळपर्यंत थांबेल. डीएनए थांबणार नाही!"

शेवटी फिलोमिनाने खराट्याने त्याला मागच्या दाराने हुसकावला. धामण होती म्हणे. ब्लॉट झकास आला.

*

एक माझाही सांगते, नाही तर म्हणाल दुसऱ्यांचीच उणीदुणी काढते.

पडद्यावर नको तिथे डाग उठू नयेत म्हणून तो आधी दुधाच्या पावडरीच्या पाण्यात भिजवायचा. परदेशी मासिकात हे वाचून मॅडम हरखल्या होत्या, कारण आधीचं औषध परवडायचं नाही. एकदा पावडर संपली. मी गोरेगावला उतरून आरे कॉलनीतल्या बसने यायची. मनात म्हटलं, दूध ते दूध! वाटेत उतरून ओळखीच्या तबेल्यातून ताजं, फेसाळ, म्हशीचं दूध घेतलं. पावडर साय काढलेल्या दुधाची असते, हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नाही.

फिल्म धुऊन वर काढली तर सगळीकडे ढग. मॅडमनी ती दिव्यासमोर धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"सावंत, बँड दिसतोय का तुम्हाला?"

"आहे ना मॅडम," सावंत म्हणाले. "सायीखाली आहे."

पुढचे सहा महिने चहा पिताना मला सगळे विचारायचे, "अनू, पावडरचा की म्हशीचा?"

*

वाकोल्याचा किरण. कॉलेजात जाणारा, काखेत गाठ. त्याची आई रोज येऊन बाहेरच्या बाकावर बसायची. आम्ही काही सांगायच्या आत उठून उभी राहायची.

आमच्याकडे फिल्म वाचायचा एक नियम होता. कोणत्या रांगेत कोणाचा नमुना, हे वाचणाऱ्याला कळता कामा नये. कळलं की डोळे आपल्याला हवं ते बघतात. त्यामुळे जेल भरायचं फिलोमिनाने, आणि रांगा ठेवायच्या फक्त डोक्यात. मॅडमनी फिल्म वाचून मोठ्याने निकाल सांगितला की मगच ती तोंड उघडायची. एरवी तिचं तोंड बंद ठेवणं कोणाला जमलं नसतं, पण या बाबतीत ती पोलिसालाही दाद देणार नाही अशी.

मॅडमनी वाचलं, "दुसऱ्या रांगेत जास्तीची रेघ आहे."

फिलोमिना हळूच म्हणाली, "किरण."

पण मायक्रोस्कोपखाली पॅथॉलॉजीच्या डॉक्टर दलालांना गाठीत वाईट काही दिसलं नव्हतं. मॅडमनी त्या रेघेची उंची पट्टीने मोजली. मग दाराशी जाऊन त्या बाहेर थांबलेल्या किरणला म्हणाल्या, "घाबरू नका. आईला घेऊन या."

आई तिथे बाकावरच होती! तिचं रक्त घेतलं. पुढच्या फिल्मवर तिच्याही रांगेत तीच रेघ, त्याच जागी. म्हणजे रेघ कॅन्सरची नव्हतीच. आईचं नाक मुलाला यावं तशी जन्मापासून आलेली, अंगातल्या प्रत्येक पेशीत असलेली, निरुपद्रवी.

आई रडायलाच लागली. "म्हणजे माझ्यामुळे झालं हे?"

"तुमच्यामुळेच," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तर तो बरा आहे."

सावंतांनी ते वाक्य उचललं ते उचललंच. सेंट्रिफ्यूज अडकलं, "घाबरू नका, आईला घेऊन या." लाइट गेले, "आईला घेऊन या." ऑफिसातल्या साहेबांनी मॅडमशी हुज्जत घातली तेव्हाही मागून बारीक आवाजात तेच. मॅडमना हसू आवरण्यासाठी खोकावं लागलं.

*

आता तो किस्सा.

सावंत कायम शर्टाची वरची दोन बटणं उघडी टाकून वावरायचे. एका सोमवारी गळ्यापर्यंत बटणं लावून आले. मंगळवारीही तसेच. ऐन ऑक्टोबरचा उकाडा!

"काय रे सावंत, गळा कशाला आवळलास?" फिलोमिनाने विचारलं.

"पंखा लागतो."

पंखा महिनाभर बंद होता. फिलोमिना उठली, सरळ त्यांच्यासमोर गेली, वरचं बटण काढलं आणि मानेवर दोन बोटं ठेवली. तिचा चेहरा मी पाहिला आणि माझ्या हातातली नळी तशीच राहिली.

"कधीपासून?"

"झालो महिनो."

आमच्या कामातल्या माणसाला हे कळतं, हाच ताप असतो. आंघोळ करताना, केस विंचरताना आम्ही सगळेच माना चाचपायचो. सावंतांना पहिल्या दिवशीच कळलं असणार. डीएनए काढायला रोज दुसऱ्यांच्या गाठी कुटणारा माणूस तो. घरी बायको सुनंदा आणि दोन मुली, धाकटी अजून शाळेत जायची होती. घरी सांगितलं नव्हतं. "फिल्म आल्यावर सांगेन," ते म्हणाले, "एकदाच काय ते."

घरी 'गळू कापलं' एवढंच सांगून गाठ काढली. अर्धी डॉक्टर दलालांच्या मायक्रोस्कोपखाली गेली. दलाल स्वतः चालत आमच्याकडे आले, आणि दलाल कधी कोणाकडे चालत जायचे नाहीत. "माला खरंच सांगता येत नाय," ते म्हणाले. "हे पण होऊ शकते, ते पण होऊ शकते. आता तुमची फिल्म बोलेल ते खरं."

उरलेली अर्धी बर्फात आमच्याकडे आली. मी हातमोजे चढवतेय तर सावंत समोर उभे.

"माझी गाठ मीच कुटणार. तू डीएनए तोडून ठेवशील."

"सावंत, तुम्ही बाहेर बसा," मॅडम म्हणाल्या.

ते बाहेर बसले नाहीत, माझ्या मागे उभे राहिले. मी गाठ कुटायला घेतली आणि मागून सूचना चालू. "हळू गं. खलबत्तो नाय तो, चटणी करायची नाय! आता फिनॉल. हलव नको जोरात, पाळण्यासारखं हलव." स्पिरिट ओतल्यावर त्यांच्याच गाठीतला डीएनए पांढऱ्या धाग्यासारखा वर आला. मी कांडी फिरवली. दोनतारी पाक.

"झकास," सावंत माझ्या खांद्यावरून म्हणाले. मला रडूच फुटलं. शेवटी त्यांनीच मला चहा आणून दिला.

आता प्रश्न आला कंट्रोलचा. इतकी वर्षं कंट्रोल सावंत. त्यांच्या रक्तातही तेच शिरलं असेल तर? नॉर्मल आणायचा कुठून? मी नुकतीच तापातून उठलेली, फिलोमिनाने नुकतंच चर्चच्या कॅम्पमध्ये रक्त दिलेलं. राहिल्या मॅडम. इतकी वर्षं सावंतांना टोचणाऱ्या मॅडम! खुर्चीत बसल्या, भिंतीकडे तोंड केलं, डोळे गच्च मिटले.

"झालं का? झालं का फिलोमिना?"

"मॅडम, अजून सुईचं पाकीट फोडतेय."

सावंत त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने हसले.

फिलोमिनाने जेल भरलं. तीनच रांगा. एक मॅडमचं रक्त. एक सावंतांची गाठ. आणि एक नमुना जुन्या पेशंटचा, ज्याचा लिंफोमा पक्का होता, म्हणजे टेस्ट नीट चाललीय हे कळावं. क्रम नेहमीसारखा तिच्या डोक्यात. संध्याकाळी थप्पी लागली, डिरेक्टरी ठेवली. सावंतांनी सवयीने चपला काढल्या.

"बा देवा म्हाराजा..."

पुढे शब्द येईना. पुन्हा एकदा तोंड उघडलं, पुन्हा बंद केलं. स्वतःसाठी मागायची वेळ आली आणि माणसाचा आवाजच बसला. मला वर बघवेना.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मॅडम येऊन सावंतांच्या शेजारी उभ्या राहिल्या. चपला काढल्या, पदर खांद्यावरून पुढे घेतला.

"बा देवा म्हाराजा," मॅडम म्हणाल्या. आवाज लेक्चरचा, मालवणी पार मोडकी. "ह्यो आमचो सावंत... सावंत आमचो... तुझ्या पायाशी आहे, म्हाराजा."

आम्हाला 'व्हय' म्हणायचंही सुचलं नाही.

"ह्याची एकच रेघ येऊ दे, म्हाराजा. मी परत ह्याला सुई..." मॅडम थांबल्या. "नाही, सुई टोचणार. पण हळू टोचेन, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" फिलोमिना आणि मी एवढ्या जोरात ओरडलो की बाहेरून कोणी तरी डोकावून गेलं.

*

नंतर पडदा फिल्मला लावून फ्रीझरमध्ये गेला. ते काही दिवस लॅबमध्ये कोणी फ्रीझरकडे पाठ करून बसायचं नाही आणि तोंड करूनही बसायचं नाही. ज्या सकाळी फिल्म काढायची त्या सकाळी सगळे वेळेआधी हजर. फिलोमिना सोडून.

मॅडमनी थोडा वेळ वाट पाहिली. मग सावंतांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "धुऊन तरी घेऊ."

मी फिल्म धुतली, ओलीच बाहेर आणली. मॅडमनी ती दिव्यासमोर धरली. आम्ही तिघांनी एकदमच वाचली.

पहिल्या रांगेत दोन रेघा. मधल्या रांगेत एक. तिसऱ्या रांगेत दोन.

हिशोब करायला फिलोमिना लागतच नव्हती. जुना पेशंट आजारी, त्याच्या दोन. मॅडम निरोगी, त्यांची एक. राहिली ती दोन रेघांची रांग सावंतांची.

सावंतांनी फिल्म हातात घेतली, खिडकीशी नेली, आणि अगदी कामाच्या सुरात म्हणाले, "बॅकग्राउंड स्वच्छ आलाय. ब्लॉट चांगला झालाय." मग बाहेर जाऊन बाकावर बसले, किरणची आई बसायची त्याच बाकावर. म्हणाले, "सुनंदाला आता सांगायला हवं. कसं सांगतात गं हे, अनू? आपण कधी सांगितलंच नाही कोणाला. आपण नुसती रेघ दाखवतो."

मॅडम त्यांच्या शेजारी बाकावर जाऊन बसल्या. इतक्या वर्षांत त्या त्या बाकावर कधी बसल्या नव्हत्या.

तेवढ्यात फाटकातून फिलोमिना आली. गुडघ्यापर्यंत चिखल, चपला हातात.

"ओहोटीला होडी रुतली! मेल्याला सांगत होते, वल्हं टाक, तर... काय झालं? फिल्म काढली? मला न सांगता?"

तिने सावंतांच्या हातातली फिल्म ओढून घेतली. आकाशाकडे धरली. एकदा बघितलं, आमच्या चेहऱ्यांकडे बघितलं, पुन्हा फिल्मकडे.

"रडताय कशाला सगळे? मधला सावंत आहे!"

"काय?"

"मधला. मी भरलाय. सावंत मध्ये, पेशंट शेवटी." तिचं बोट पहिल्या रांगेवर गेलं आणि आवाज एकदम खाली आला. "पहिल्या मॅडम."

सावंत उठले आणि पुन्हा बसले. दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि लहान मुलासारखे रडले. फिलोमिना चिखलासकट त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या पाठीवर थोपटत होती, "झालं रे, झालं, एक रेघ, तुझी एकच रेघ." मला इतकं हलकं वाटलं की पाय जमिनीवर आहेत की नाहीत कळेना.

मग आमच्या लक्षात आलं की मॅडम तशाच बसल्यात. एक हात स्वतःच्या मानेवर.

सावंतांनी बाहीला डोळे पुसले. फिल्म घेतली, पहिल्या रांगेतली ती जास्तीची रेघ नीट निरखली. वाकोल्याच्या किरणला आली होती तीच, हुबेहूब त्याच उंचीवर. त्यांनी मॅडमकडे बघितलं आणि म्हणाले,

"मॅडम, घाबरू नका. आईक घेऊन येवा!"

मॅडमची आई मुलुंडहून आली, ऐंशीच्या घरातली, ठणठणीत. रक्त देताना हूं की चूं नाही. तिचीही तीच रेघ, त्याच जागी. फिलोमिनाने तेव्हापासून पाहुण्यांना मॅडमचीही ओळख करून द्यायला सुरुवात केली, पण ती काय म्हणून ते इथे लिहीत नाही.

सावंतांनी घरी सांगितलं, पण उलट्या क्रमाने. आधी एक रेघ, मग गाठ. वहिनींनी आधी त्यांना मिठी मारली आणि मग आठवडाभर अबोला धरला.

नमुन्यांच्या पुढच्या लॉटच्या दिवशी मॅडम सुई-सिरिंज घेऊन आतल्या खोलीत आल्या. कंट्रोल संपला होता, आणि मॅडमचा तर आता चालणार नव्हता. त्यांनी सवयीने आधी डार्करूमकडे बघितलं. लाल दिवा बंद होता.

सावंत खुर्चीत आधीच येऊन बसले होते. वरची दोन बटणं उघडी, मानेवर टाक्यांची बारीक खूण, डावी बाही कोपराच्या वर गुंडाळलेली, डोळे गच्च मिटलेले.

मॅडमनी शीर चाचपली. "सावंत, जरा टोचेल हं."

"व्हय म्हाराजा!"